चराईचा हक्क राहिला, गवत गेलं

उटीहून गुडलूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एका वळणावर गाड्यांची रांग दिसते. तिथेच ते प्रसिद्ध 'पाइन फॉरेस्ट' आहे. उंच, सरळ खोड, मधून तिरपी पडणारी उन्हं, उताराच्या टोकाला धरणाचं पाणी. इथे काढलेले फोटो आणि रील्स तुम्ही पाहिलेच असतील, कदाचित तुमच्या फोनमध्येही एखादा असेल. कोडाईकनालच्या पाइनच्या जंगलाचंही तेच.

पुढच्या वेळी तिथे गेलात तर कॅमेरा वर न धरता एकदा खाली बघा. जमिनीवर तपकिरी सुयांचा जाड थर असतो. गवत जवळपास नसतंच. एखादी म्हैस इथे आणून सोडली तर तिला दिवसभरात पोटभर खायला मिळणार नाही.

त्याच रस्त्याने आणखी काही किलोमीटर पुढे गेलात की 'शूटिंग स्पॉट' लागतो. मोकळे, गोलसर, गवताने भरलेले डोंगर. अनेक भाषांतल्या सिनेमांची गाणी तिथे चित्रित झाली. पर्यटक एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी जातात, दोन्हीकडे फोटो काढतात. मात्र पाइनचं जंगल आज जिथे दिसतं, त्यातली बरीच जमीन शंभर वर्षांपूर्वी या दुसऱ्या जागेसारखीच दिसायची, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि त्या गवतावर म्हशी चरायच्या.

या म्हशी, ते गवत आणि तो पाइन यांच्यात दोनशे वर्षांत काय घडलं, त्याची ही गोष्ट. तिच्यात खलनायक शोधायला गेलात तर फार सापडणार नाहीत. सापडेल तो एक शब्द: 'चराई'.

शेपटी धरून आलेला माणूस

नीलगिरीचं वरचं पठार सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. इथलं मूळ निसर्गचित्र दोन रंगांचं. खोलगट भागांत, ओढ्यांच्या कडेने बुटक्या, दाट, सदाहरित झाडीचे पुंजके असतात. त्यांना 'शोला' म्हणतात. आणि शोलांच्या मधले सगळे उतार, माथे गवताचे. झाडी कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं ती रेघ इतकी स्पष्ट असते, की कुणीतरी आखून दिल्यासारखी वाटते.

या गवतावर तोडा लोक म्हशी राखायचे. तोडांची वस्ती लहान, चार-पाच घरांची. त्या वस्तीला इंग्रजी कागदपत्रांत 'मंड' म्हटलेलं आढळतं. घरं अर्ध्या पिंपासारखी, गोल पाठीची, दार इतकं छोटं की रांगतच आत जावं लागतं. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यात राहून अभ्यास केला. 'द तोडाज' हे त्याचं जाडजूड पुस्तक १९०६ साली आलं. तेव्हा तोडांची सगळी लोकसंख्या आठशेच्या आसपास होती. एवढ्या लहान समाजावर एवढं मोठं पुस्तक लिहावं लागलं, कारण त्यांचं दूधदुभतं हाच त्यांचा धर्म होता. म्हशींचे पवित्र कळप वेगळे, घरच्या म्हशी वेगळ्या. पवित्र म्हशींचं दूध घुसळण्याची जागा म्हणजेच देऊळ, आणि ते घुसळणारा म्हणजेच पुजारी.

रिव्हर्सने नोंदवलेली त्यांची एक उत्पत्तिकथा आहे. देवाने जमिनीतून म्हशी बाहेर काढल्या. एकामागून एक म्हशी येत राहिल्या आणि शेवटच्या म्हशीची शेपटी धरून एक माणूस बाहेर आला. तो पहिला तोडा. या कथेत म्हशी आधी आल्या आणि माणूस त्यांच्या मागून आला, हे लक्षात ठेवा. अशा समाजाला 'तुमची जमीन कोणती?' असं विचारलं तर उत्तर 'जिथे आमच्या म्हशी चरतात ती' असंच मिळणार.

पठारावर तोडा एकटे नव्हते. शेती करणारे बडगा होते, भांडी-अवजारं घडवणारे आणि वाद्यं वाजवणारे कोता होते, खालच्या जंगलांत कुरुंबा होते. बडगा लोक तोडांना दरवर्षी धान्याचा वाटा द्यायचे, त्याला 'गुडू' म्हणत. आम्ही तुमच्या डोंगरावर शेती करतो याची ती कबुली आहे, असा त्याचा अर्थ तोडा लावायचे. हीच गोष्ट पुढे कंपनी सरकारच्या कागदांत वादाचा मुद्दा झाली.

मालक कोण?

कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली नीलगिरीवर चढला आणि हवेच्या प्रेमातच पडला. पुढच्या काही वर्षांत त्याने उटीत घर बांधलं, बटाटे, जव, इंग्लिश फळझाडं लावली, तळं करवून घेतलं. आजचं उटी ही बऱ्याच अंशी त्याची निर्मिती.

या सलिव्हनने एक अनपेक्षित भूमिका घेतली. हे डोंगर तोडांच्या मालकीचे आहेत आणि गोऱ्यांना इथे जमीन हवी असेल तर तिची किंमत तोडांना मिळाली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. तो काही साधुपुरुष नव्हता, स्वतःही त्याने भरपूर जमीन घेतली. पण हक्काच्या प्रश्नावर तो हटला नाही. मद्रासचा गव्हर्नर लशिंग्टन याचं मत उलट होतं. जमीन सरकारची, तोडा फक्त तिच्यावर गुरं चारतात, असं तो म्हणे.

हा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १८४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी निकाल दिला. त्याचा सारांश असा, की तोडांना फार जुन्या वहिवाटीने म्हशी चारण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

तेव्हा हे तडजोडीसारखं वाटलं असेल. तोडांना कुणी हाकललं नाही. म्हशी चरतच राहिल्या. वस्त्यांभोवतीची काही जमीन त्यांच्या नावे राखूनही ठेवली गेली. पण मालकी आणि चराई यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते. मालकी म्हणजे त्या जमिनीवर काय उगवेल हे ठरवण्याचा अधिकार. चराईचा हक्क म्हणजे जे उगवलं आहे ते गुरांना खाऊ घालण्याची मुभा. दुसऱ्या कुणी तिथे गवताऐवजी वेगळंच काही उगवायचं ठरवलं, तर मुभा कागदावर शिल्लक राहते आणि म्हैस उपाशी राहते.

आपण ज्या झाडाला 'निलगिरी' म्हणतो

सुरुवात जळणापासून झाली. उटी वाढली, तिथे लष्कराची माणसं, बंगले, चुली, शेकोट्या वाढल्या. जवळपासचे शोला भराभर तुटू लागले. शोलाची झाडं फार हळू वाढतात. मग ऑस्ट्रेलियातून झटपट वाढणारी झाडं आणली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युकॅलिप्टस आणि वॅटल पठारावर आले होते. पुढे सरकारी लागवडी सुरू झाल्या.

इथे एक गंमत आपल्या भाषेतली. युकॅलिप्टसला मराठीत आपण 'निलगिरी' म्हणतो. सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचं तेल घेतो. ते झाड ऑस्ट्रेलियाचं, तेल नीलगिरी डोंगरावर काढलं जायचं, आणि डोंगराचं नाव परक्या झाडाला असं चिकटलं की नीलगिरी म्हणजे हेच झाड असं आपल्याला वाटू लागलं. डोंगराची खरी ओळख असलेल्या गवताला मात्र मराठीत नावही नाही.

इंग्रजांनाही गवत आवडायचं, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांना ते दक्षिण इंग्लंडमधल्या 'डाउन्स' नावाच्या गवताळ टेकड्यांसारखं दिसायचं. उटीलगतच्या मोठ्या गवताळ पट्ट्याला मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक याचं नाव मिळालं, 'वेनलॉक डाउन्स'. तिथे साहेबलोक घोड्यांवरून, शिकारी कुत्र्यांचे ताफे घेऊन कोल्ह्यांची शिकार करायचे. इंग्लंडमधला खेळ, फक्त तिथल्या खोकडाऐवजी इथला कोल्हा. पट्टा राखीव झाला. या शौकामुळे तिथलं गवत बऱ्याच प्रमाणात वाचलं, हे मान्य करायला हवं. पण वाचलं ते तोडांच्या हक्कामुळे वाचलं नाही, साहेबांच्या खेळामुळे वाचलं. खेळणारे गेले की त्याला कुणी वाली उरणार नव्हता.

दुसरीकडे १८८२ च्या मद्रास वन कायद्यानंतर जंगल खात्याचा अंमल पक्का झाला. तोडा लोक कोरड्या दिवसांत थोडं थोडं गवत जाळायचे. जुनं, निबर गवत जळलं की पावसाच्या सरींनंतर कोवळे धुमारे फुटतात, म्हशींना तेच हवे असतात. जंगल खात्याच्या लेखी आग म्हणजे गुन्हा. ही पद्धत हळूहळू बंद पाडली गेली.

१९३८ : दोन वनाधिकारी, एक प्रश्न

हे गवत मुळात इथे का आहे? प्रश्न शाळेतला वाटतो, पण त्याच्या उत्तरावर हजारो एकरांचं भवितव्य ठरणार होतं.

१९३८ साली दोन वनाधिकाऱ्यांनी याची परस्परविरोधी उत्तरं छापली. एन. एल. बोर यांचं म्हणणं असं, की मूळचं सगळं जंगलच होतं. माणसाने जाळलं, गुरांनी खाल्लं, म्हणून गवत झालं. आग आणि चराई थांबवली तर झाडी परत येईल. सी. आर. रंगनाथन यांनी उलट मांडलं. हिवाळ्यात नीलगिरीच्या उघड्या उतारांवर रात्री दहिवर गोठतं. शोलाच्या सावलीबाहेर पडलेलं झाडाचं रोपटं त्या हिमाने करपून मरतं. गवत तगून राहतं. म्हणजे गवत ही जंगलाची बिघडलेली अवस्था नव्हे. शोला जितका मूळचा, तितकंच गवतही मूळचं.

बोर बरोबर असतील तर तोडांच्या म्हशी हा शेकडो वर्षांचा अपराध ठरतो, आणि तिथे झाडं लावणं म्हणजे दुरुस्ती. रंगनाथन बरोबर असतील तर झाडं लावणं हीच मोडतोड.

रंगनाथन पुढे वनखात्यात फार वरच्या पदांपर्यंत पोचले. पण त्यांचा हा मुद्दा धोरणात उतरला नाही. गवत म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हणजे झाड लावायची जागा, हे समीकरण जास्त सोपं होतं.

कागदासाठी, धाग्यासाठी

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांचा काळ आठवा. देशाला वीज हवी, कागद हवा, कापड हवं. नीलगिरीच्या वाट्याला या तिन्ही गरजा एकदम आल्या. कुंदा प्रकल्पाची धरणं कॅनडाच्या मदतीने बांधली गेली आणि गवताळ दऱ्या पाण्याखाली गेल्या. पायथ्याशी सिरुमुगैला लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम धागा बनवणारा व्हिस्कोसचा कारखाना आला. त्याला निलगिरी आणि वॅटलचं लाकूड हवं होतं. १९६० च्या दशकात फोटोची फिल्म बनवणारा सरकारी कारखानाही उटीलगत उभा राहिला. वेनलॉक डाउन्सचे एकेक तुकडे पडत गेले.

पाइन याच लाटेत पसरला. लागवड मुख्यतः 'पायनस पॅटुला' या जातीची. तिचं मूळ घर मेक्सिकोतले डोंगर. उष्ण कटिबंधात असूनही थंड हवा असलेल्या उंचीवर ती जोमाने वाढते. हिमालयातल्या चीडपेक्षा तिच्या सुया मऊ, खाली लोंबणाऱ्या. कागद कारखान्यांना पाइनचं आकर्षण होतं ते त्याच्या लांब तंतूंचं. बांबू किंवा निलगिरीच्या आखूड तंतूंत लांब तंतू मिसळला की कागद मजबूत होतो, फाटत नाही. तो लगदा परदेशातून आणावा लागे. आपणच पाइन लावला तर परकीय चलन वाचेल, हा हिशेब त्या काळात कुणालाही पटणारा होता.

याच हिशेबाने दुसरीकडे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने एक योजना आखली गेली. सालाचं जंगल तोडायचं आणि तिथे कॅरिबियन पाइन लावायचा. साल म्हणजे तिथल्या आदिवासींचं अन्न, तेल, पत्रावळ्या, देव, सगळंच. जोरदार विरोध झाला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळावी लागली.

बस्तरमध्ये पाइन हरला, नीलगिरीत जिंकला. बस्तरमध्ये पाइनसाठी झाडं तोडावी लागणार होती. झाड तोडणं डोळ्यांना दिसतं, त्याचा आवाज होतो, त्यावर घोषणा होऊ शकते. नीलगिरीत काहीच तोडायचं नव्हतं. गवतात खड्डे खणून रोपं लावायची होती. वृक्षारोपणाविरुद्ध मोर्चा कोण काढणार? त्यातून आठशे-हजार माणसांचा समाज, आणि हातात कागद फक्त चराईचा.

सुयांखाली काय होतं

पाइनखाली गुरं चारता येतात का? या प्रश्नाचं उत्तर जगभर शोधलं गेलं आहे. फिजी बेटांच्या पश्चिमेकडच्या गवताळ टेकड्यांवर कॅरिबियन पाइन लावला, तेव्हा वाळलेल्या गवताला लागणाऱ्या आगी रोखण्यासाठी झाडांखाली गुरं चारण्याचे प्रयोग झाले. गवत गुरांच्या पोटात गेलं की आगीला खाद्य कमी, आणि वर दूध-मांसाचं उत्पन्न. कल्पना चांगली आहे आणि काही अटींवर चालतेही. झाडं दूर दूर लावायची, वेळोवेळी विरळ करायची, खालच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे जमिनीपर्यंत ऊन पोचतं.

लाकूड हाच हेतू असलेल्या लागवडीत मात्र याच्या उलट चालतं. झाडं जवळ जवळ लावली की ती सरळ वाढतात. पहिली काही वर्षं रोपांच्या मधे गवत भरपूर असतं, पण नेमकी तेव्हाच गुरांना बंदी असते, कारण ती रोपं तुडवतात, शेंडे खातात. मग झाडं गुरांच्या तोंडाच्या वर जातात. आता धोका टळला, गुरं सोडायला हरकत नाही. पण एव्हाना शेंडे एकमेकांना भिडू लागलेले असतात. सावली दाटते. सुया गळत राहतात, लवकर कुजत नाहीत, थरावर थर चढतो. थोड्याच वर्षांत गवत संपतं.

म्हणजे गवत असतं तेव्हा चरायला मनाई, आणि मनाई उठते तेव्हा गवत नसतं. चराईचा हक्क कुणी रद्द केला नाही. तो वापरण्याजोगा क्षणच उरला नाही.

म्हैस राखणाऱ्यासाठी झाडीचा आणखी एक अर्थ असतो. उघड्या गवतात कळप दुरून नजरेत राहतो आणि वाघही दुरून दिसतो. झाडीत दोन्ही दिसेनासे होतात.

पाण्याचाही हिशेब आहे. नीलगिरीत ग्लेनमॉर्गनजवळ गवताळ पाणलोटात निलगिरीची झाडं लावून शास्त्रज्ञांनी ओढ्याचं पाणी वर्षानुवर्षं मोजलं. पहिल्या दहा वर्षांच्या फेऱ्यात पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. हे आकडे पाइनचे नाहीत. पण गवत पावसाचं पाणी किती काटकसरीने जमिनीला देत होतं, याची कल्पना त्यावरून येते. दलदलीच्या जागाही आक्रसल्या, आणि तिथेच तोडांच्या देवळाचा प्रश्न आहे. त्यांच्या शंकूच्या आकाराच्या देवळाचं छत एका ठराविक गवतानेच शाकारायचं असतं. एरिओक्रायसिस रंगाचारी असं त्याचं शास्त्रीय नाव. ते पठारावरच्या दलदलींत उगवतं आणि आता दुर्मीळ झालं आहे. म्हैस एक वेळ विकतच्या पेंडीवर जगेल, पण देऊळ पत्र्याने शाकारून चालत नाही.

पीटमधली साक्ष

१९३८ चा वाद १९९३ साली बऱ्याच अंशी मिटला. तो मिटवला नीलगिरीच्या दलदलींतल्या चिखलाने.

दलदलीत मेलेल्या वनस्पती पूर्ण कुजत नाहीत, त्यांचे थर साचत जातात. याला पीट म्हणतात. जितकं खोल जावं तितका थर जुना. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांतल्या कार्बनची तपासणी केली. वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवरून प्रकार पडतात. झाडं बहुतेक एका प्रकारची, त्याला सी-३ म्हणतात. उष्ण प्रदेशांतली बरीच गवतं दुसऱ्या प्रकारची, सी-४. आपली ज्वारी, ऊस हीसुद्धा सी-४ गवतंच. दोन्ही प्रकारांच्या कार्बनमध्ये सूक्ष्म फरक असतो आणि तो हजारो वर्षं टिकतो. म्हणजे कोणत्या काळात काय उगवत होतं ते चिखलातून वाचता येतं.

'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे वीस हजार वर्षांचा आलेख होता. हवामान कोरडं झालं की सी-४ गवत पसरलं, ओलं झालं की सी-३ वनस्पती वाढल्या. गवत-झाडीची ही ये-जा बटाट्याच्या शेतीच्याच काय, पठारावरच्या गुराख्यांच्याही फार आधीपासून चालू होती. गवत माणसाने 'केलेलं' नव्हतं. आग आणि चराईने त्याला आकार दिला असेल, पण जन्म दिला नाही.

सी-४ गवताचा एक गुण ज्वारी पिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतो. त्याला भरपूर ऊन लागतं, सावलीत ते तग धरत नाही. वीस हजार वर्षांत हवामान किती वेळा पालटलं तरी जे टिकलं, ते पाइनच्या सावलीत काही वर्षांत गेलं.

रंगनाथन यांचं म्हणणं निदान एवढ्यापुरतं खरं ठरलं. पण तोवर झाडं वाढली होती. शेजारच्या पळणी डोंगरात, म्हणजे कोडाईकनालच्या परिसरात, उपग्रहचित्रांवरून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चार दशकांत तिथलं दोन-तृतीयांश गवताळ क्षेत्र नाहीसं झालं होतं. मुख्य कारणं दोन : लाकडासाठीची लागवड आणि शेती.

हिरवं म्हणजे काय?

एक मोठा विरोधाभास अजून सांगायचा आहे. ज्या कागदासाठी आणि धाग्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, तो हेतूच पुढे मागे पडला. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर आणि १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर वनजमिनीवरची तोड अवघड झाली. कापण्यासाठी लावलेली बरीच झाडं उभीच राहिली. आणि उभी राहिली म्हणून ती 'जंगल' झाली. आपल्या देशात वनाच्छादन मोजताना एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त भागावर झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादनात धरलं जातं. झाड कुठलं, कुणी लावलं, हे विचारलं जात नाही. पाइनची लागवड त्या आकड्यात येते. गवताळ डोंगर येत नाही.

आता वारं थोडं बदललं आहे. नीलगिरीतल्या मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानात गवत वाचवण्यासाठी वॅटल उपटला जातो, कारण नीलगिरी ताहर या रानबकऱ्याला गवतच लागतं. तमिळनाडू सरकारने परक्या, आक्रमक वनस्पती हटवून मूळ निसर्ग परत आणण्याचं धोरण २०२२ साली जाहीर केलं. तोडांमधले जाणते लोक आणि काही वनस्पती-अभ्यासक मिळून मूळ गवतं परत लावण्याची धडपड करत आहेत. सगळा पाइन उद्याच तोडून टाका, हेही सोपं उत्तर नाही. काही जुन्या लागवडींच्या सावलीत शोलाची रोपं उगवू लागली आहेत, आणि एकदम मोकळ्या केलेल्या जागेवर वॅटलचं जमिनीत पडून राहिलेलं बी गवताच्या आधी उठतं.

पण गवत परत आणू पाहणाऱ्या या धोरणांत गुराख्याची जागा कुठे आहे? मार्च २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आधी राज्यातल्या सगळ्याच जंगलांत गुरं चारायला बंदी घातली. दोनच आठवड्यांत आदेशात दुरुस्ती झाली आणि बंदी राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, व्याघ्र प्रकल्प यांपुरती राहिली. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. त्याच कायद्यात आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. १८४३ साली जे नाकारलं गेलं, त्याच्या जवळ जाणारा हा दुसरा हक्क आहे. तिथे काय उगवावं हे ठरवण्यात वाटा असणं. नुसती चराई मान्य करून भागत नाही, हे नीलगिरीने दाखवून दिलं आहे.

तोडांच्या म्हशी कमी झाल्या त्याला पाइन हे एकच कारण नाही. शेती आली, मजुरी आली, शिक्षण आलं, म्हशीमागे दिवस घालवणं नव्या पिढीला परवडेना. हे सगळं खरं आहे. पण म्हशी सोडायच्या की राखायच्या हे निवडण्यासाठी आधी गवत असावं लागतं. ती निवड त्यांच्याकडून आधीच काढून घेतली गेली होती.

आपल्याकडे हे लांबचं प्रकरण समजू नका. गावाच्या गायरानाला आपल्या बोलण्यात 'पडीक' म्हणायची पद्धत आहे. सरकारी नकाशांतही माळरानाचा बराच भाग पडीक जमिनीत मोजला जातो. २०१९ साली आपल्या राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली, तेव्हा मोकळा माळ कुणाला रिकामा दिसला असेल याचा अंदाज करा. त्या माळावर धनगरांच्या मेंढ्या चरतात, लांडगा हिंडतो, माळढोक हा पक्षी तर झाडीत राहूच शकत नाही. कासच्या पठारावर कुंपण असावं की नसावं, गुरं चरू द्यावीत की नाही, हा वादही आपण ऐकला आहे. प्रश्न तोच आहे. उघड्या जमिनीकडे पाहून आपल्याला काय दिसतं?

तेव्हा उटीला जरूर जा. पाइनच्या जंगलात फोटोही काढा, जागा सुंदरच आहे. मग पुढे त्या गवताच्या डोंगरावर थांबा. तिथे राखाडी-पिंगट रंगाच्या, मोठ्या कोयत्यासारखी वळलेली शिंगं असलेल्या म्हशी दिसल्या तर दुरूनच बघा, त्या अंगावर येतात. त्यांच्या खुरांखाली आहे ते रिकामं रान नाही. दोनशे वर्षं कागदावर हरत आलेली ती एक जमीन आहे, आणि अजून थोडी शिल्लक आहे.